कादंबरी जमिनीवरून लिहा

नागपूरहून एका ६८ वर्षांच्या वाचकांनी लिहिलं आहे. ते हवाई दलात रेडिओ फिटर होते. शेवटची नेमणूक नागपूरच्या मेंटेनन्स कमांडमध्ये, म्हणून निवृत्तीनंतर इथंच घर केलं. वडील पोस्टात होते आणि नागपूरच्याच सोनेगाव विमानतळावर रात्रीच्या टपालाच्या ड्यूटीला असत. निवृत्तीनंतर या वाचकांनी परीक्षा देऊन हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवण्याचा, परवाना मिळवला. गच्चीवर अँटेना आहे, रोज सेटवर बसतात. काही वर्षांपासून ते कादंबरी लिहीत आहेत. नायक वाहतूक विमानाचा वैमानिक. मुलगा म्हणतो, ‘इतकं टेक्निकल कोण वाचणार?’ जुने सहकारी म्हणतात, ‘घडलं तसं आत्मचरित्र लिही, बनवाबनवी कशाला?’ साहित्यक्षेत्रातल्या एका परिचितांनी रेडिओ काढून टाकून प्रेमकथा वाढवायला सुचवलं. पत्नी म्हणतात, ‘आधी त्या सेटपुढे बसून राहायचे, आता वहीपुढे बसून राहतात.’ कादंबरीत एक विमान परत येत नाही. तसं खरंच घडलं होतं. त्या विमानात त्यांचा मित्र सिग्नलर, म्हणजे विमानातला रेडिओ सांभाळणारा, होता आणि सकाळी रेडिओ तपासून फॉर्म ७०० या तपासणीच्या वहीत सही यांनी केली होती. चौकशीत कारण खराब हवामान निघालं, सेटमध्ये दोष नव्हता. मित्राची पत्नी आज नागपुरातच राहते. त्यांचा प्रश्न : ‘मी ना पायलट, ना लेखक. आत्मचरित्र लिहू, कादंबरी लिहू, की सोडून देऊ?’ सोबत पहिलं आणि नववं प्रकरण पाठवलं आहे.

नमस्कार काका,

सोडून देऊ नका, हे आधी सांगते. बाकीचं सविस्तर बोलू, कारण तुमच्या प्रश्नात मला तीन-चार गृहीतकं दिसतात आणि त्यांतली एक-दोन तुम्ही स्वतःवर लादून घेतली आहेत.

दोन्ही प्रकरणं मी लागोपाठ वाचली. पहिल्या प्रकरणात तुमचा स्क्वाड्रन लीडर ढगांतून विमान वर काढतो, खाली ब्रह्मपुत्रा दिसते, त्याला आई आठवते. वाक्यं स्वच्छ आहेत. पण ते आकाश कुणाचंही असू शकतं. विमानात बसलेल्या कुणालाही ते तसंच दिसेल. नवव्या प्रकरणात जेमतेम एक पान असं आहे की ते वाचताना मी पाणी प्यायला उठणार होते ती उठले नाही. ड्यूटी संपलेला फिटर मेसमध्ये न जाता ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभा राहतो. विमानाची वेळ टळून गेली आहे. ऑपरेटर पुन्हा पुन्हा पुकारा करतो, थांबतो, ऐकतो. उत्तर येत नाही. आणि तुमचा फिटर खिडकीबाहेर आकाशाकडे बघत नाही, वाकून हेडफोनची पिन चाचपतो. आपल्याच सेटमध्ये बिघाड असू दे, अशी त्याची इच्छा आहे. जमिनीवरचा सेट बिघडलेला असेल, तर वरचं विमान ठीक असेल.

ही एक हालचाल तुमच्याशिवाय कुणाला सुचली नसती. वैमानिकाला नाही, मला नाही, तुम्हाला प्रेमकथा वाढवायला सांगणाऱ्या गृहस्थांना तर नाहीच. मग मला प्रश्न पडला की ज्या माणसाला हे ठाऊक आहे, त्याला तुम्ही साडेतीनशे पानांत एकच पान का दिलंत?

उत्तर तुमच्या पत्रात आहे. ‘मी पायलट नव्हतो.’ विमानांची कादंबरी म्हणजे वैमानिकाची कादंबरी, हे तुम्ही धरून चालला आहात. हे पहिलं गृहीतक, आणि माझ्या मते बाकीच्या सगळ्या अडचणी त्यातून आल्या आहेत.

आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी हा फ्रेंच लेखक स्वतः टपाल-वैमानिक होता. सहारा ओलांडून त्याने टपाल नेलं, पुढे १९२९ मध्ये ब्युनोस आयर्सला टपाल-विमानांच्या कंपनीचा कारभार सांभाळला, आणि १९४४ च्या जुलैत टेहळणीच्या उड्डाणावर गेला तो परतला नाही. उडण्याचा अनुभव त्याच्याइतका क्वचितच कुणा कादंबरीकाराकडे असेल. तरी ‘व्हॉल द न्वी’ म्हणजे रात्रीचं उड्डाण ही १९३१ ची त्याची कादंबरी उघडून पाहा. तिच्या मध्यभागी बसलेला माणूस विमानात नाही. तो ब्युनोस आयर्सच्या कचेरीत आहे. पॅटागोनिया, चिली आणि पॅराग्वे अशा तीन दिशांनी टपालाची विमानं रात्री तिथं यायची आहेत, ते टपाल युरोपच्या विमानात चढायचं आहे. दोन येतात. तिसरं वादळात सापडतं. त्याची खबर कचेरीला मिळते ती बिनतारी संदेशांच्या तुकड्यांतून, आणि मग तेही थांबतात. वैमानिकाची बायको कचेरीत येऊन उभी राहते. ज्याला वरचं सगळं दाखवता आलं असतं त्या लेखकाने कादंबरीचा भार जमिनीवर वाट पाहणाऱ्यावर टाकला.

आता तुमच्या पत्रातल्या त्या दोन ओळींकडे येते, ज्या तुम्ही ‘थोडी पार्श्वभूमी’ म्हणून लिहून पुढे निघून गेलात. वडील सोनेगावला रात्रीच्या टपालावर होते.

काका, नागपूरच्या तरुण वाचकांना हे आज माहीतही नसेल, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. १९४९ पासून १९७३ पर्यंत या देशात रात्रीची हवाई टपालसेवा चालत होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची. इथं पिशव्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचे, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत. चारही शहरं नागपूरपासून साधारण ७०० ते १,००० किलोमीटरच्या टप्प्यात, म्हणून हे गाव निवडलं गेलं. मद्रासला संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोचायचं, ते सोनेगावच्या धावपट्टीवर दिव्याच्या उजेडात पिशव्या हलवणाऱ्या माणसांमुळे. त्यांतले एक तुमचे वडील.

म्हणजे त्या फ्रेंच कादंबरीकाराला जी रचना ब्युनोस आयर्सला सापडली, ती तुमच्या घरात होती. वडील रात्री निघायचे. एखाद्या रात्री चारांपैकी एक विमान उशिरा यायचं, तेव्हा बाकीची तीन थांबायची का, वडील सकाळी घरी येऊन काय सांगायचे, तुमची आई दार कधी उघडायची, तुम्हाला अंथरुणात विमानाचा आवाज यायचा का आणि आवाजावरून ते कुठलं हे कळायचं का, यातलं काहीच मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. वाट पाहण्याचं काम तुमच्या घरात तुमच्या आधीपासून चालू होतं. तुमचं पहिलं प्रकरण ब्रह्मपुत्रेवर कशाला हवं? ते सोनेगावला सुरू होऊ द्या.

उडण्याशिवाय विमानांवर लिहिलेला आणखी एक माणूस सांगते, म्हणजे ‘मी पायलट नव्हतो’ हे वाक्य तुम्ही पुन्हा लिहिणार नाही. आर्थर सी. क्लार्क हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारवर होते. धुक्यात सापडलेल्या वैमानिकाला रडारचा पडदा बघत, रेडिओवरून शब्दाशब्दाने धावपट्टीपर्यंत उतरवून आणायची यंत्रणा तेव्हा नवी होती आणि ती चालवणाऱ्यांत ते होते. त्या अनुभवावर त्यांनी १९६३ मध्ये ‘ग्लाइड पाथ’ ही कादंबरी लिहिली. अंतराळाच्या गोष्टींसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाची विज्ञानकल्पनेबाहेरची ती एकमेव कादंबरी. तिच्यातली माणसं जमिनीवर आहेत, यंत्रांशी झगडत आहेत.

‘मी लेखक नाही’ याचं काय? त्यावर फार वेळ घालवत नाही. नेव्हिल शूट हे विमान-अभियंता होते, विमानांचा कारखाना काढला, दिवसा ते काम आणि संध्याकाळी लेखन. आडनाव होतं नॉर्वे, पण पुस्तकांवर त्यांनी ते घातलं नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंजिनिअरला धंद्यातले लोक गंभीरपणे घेणार नाहीत अशी त्यांना धास्ती होती. तुमची धास्ती उलट दिशेची आहे, लेखक मंडळी फिटरला गंभीरपणे घेणार नाहीत अशी. दोन्हीकडे एकच समजूत आहे की माणसाने एकच काहीतरी असावं. रोज लिहितो तो लेखक. तुम्ही रोज लिहिता.

आता ज्याबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागणार आहे त्याकडे येते.

‘आत्मचरित्र की कादंबरी’ हा प्रश्न तुम्ही प्रकाराचा म्हणून विचारला आहे. मला तो सहीचा प्रश्न वाटतो. हवाई दलाबाहेरच्या वाचकांसाठी : विमान उडण्याआधी प्रत्येक कामाचा जाणकार आपापली तपासणी करून फॉर्म ७०० या वहीत सही करतो, आणि त्या सह्या बघून मगच वैमानिक विमान ताब्यात घेतो. सही म्हणजे ‘माझ्याकडून हे ठीक आहे’ असा शब्द दिलेला असतो. तुम्ही तो दिलात. तो खरा होता, हे चौकशीत सिद्ध झालं. तरीही तुम्ही आयुष्यभर ती सही मनात पुन्हा पुन्हा तपासत आला आहात, हे तुमच्या पत्रातल्या एका अर्धवट वाक्यावरून कळतं. आणि कादंबरीत काय केलंत? अपराधाची टोचणी त्या वैमानिक-नायकाला दिलीत. त्याने त्या दिवशी सुट्टी घेतली, त्याच्या जागी दुसरा गेला, म्हणून तो झुरतो. फिटरच्या सहीचा मात्र उल्लेखच नाही. नवव्या प्रकरणात तो हेडफोनची पिन चाचपतो, पण का चाचपतो हे वाचकाला पुरतं कळत नाही, कारण सकाळची सही तुम्ही वाचकापासून लपवली आहे.

मी तुम्हाला दोष देत नाही. इतकी वर्षं जवळ बाळगलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालून बघावीशी वाटणं अगदी माणसासारखं आहे. पण तुमच्या सहकाऱ्यांचं ‘बनवाबनवी कशाला’ हे म्हणणं इथं मला वेगळ्या अर्थाने पटतं. त्यांना वाटतं खरं ते आत्मचरित्रात आणि खोटं ते कादंबरीत. तसं नसतं. आत्मचरित्रातही तुम्ही ती सही एका ओळीत उरकू शकता आणि पुढच्या पोस्टिंगला जाऊ शकता. कादंबरीत मात्र फिटरचं नाव बदलून, गाव बदलून, वर्ष बदलून तुम्ही त्या सकाळी हवा तितका वेळ थांबू शकता. सेट चालू करणं, तो तापेपर्यंत थांबणं, मित्राशी झालेली शेवटची थट्टा, वहीवर पेन टेकवणं. म्हणून माझं मत कादंबरीच्या बाजूने आहे. तुमच्याकडचं जे सगळ्यात खरं आहे, त्याला आडोसा लागेल, आणि तो कादंबरी देते.

हे लिहिताना रात्री झोप उडाली, छाती भरून आली, जुने आवाज फार जवळ आले, तर वही मिटून ठेवा. लिखाण कुठे पळून जात नाही. काकूंशी बोला, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो. सैन्यातली माणसं असा फोन करायला बिचकतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते.

मित्राच्या पत्नीबद्दल. त्यांना तुम्ही वहिनी म्हणता आणि दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जाता, असं लिहिलंय. मग हस्तलिखित छापायला द्यायच्या आधी त्यांच्याकडे जा, पण पहिल्यांदा जाताना कागद नेऊ नका. आधी विचारा की त्या दिवसाबद्दल त्यांना बोलायचं आहे का, आणि त्यावर लिहिलेलं चालेल का. कदाचित त्या म्हणतील, ‘लिहा, पण माझ्या मुलीचं नाव नको.’ कदाचित म्हणतील, ‘मी असेपर्यंत नको.’ दुसरं उत्तर आलं तर ते पाळायची तयारी ठेवून जा, नाहीतर विचारण्यात अर्थ नाही. कायद्याने तुम्हाला नाव बदलून लिहिता येईलही. पण नागपुरात जुन्या वायुसेनावाल्यांची वस्ती किती आणि कोण कुणाला ओळखतं, हे मी तुम्हाला काय सांगावं. नाव बदललं तरी त्या ओळखल्या जातील. एक शक्यता अशीही आहे की त्या सहीबद्दल तुम्ही त्यांच्याशी कधीच बोलला नसाल. तसं असेल तर ते छापील पानावरून त्यांना कळू नये.

मुलाच्या आक्षेपाकडे येते. ‘टेक्निकल’ गोष्टीने वाचक कंटाळत नाही. ती गोष्ट कुणाच्या जिवाला लागलेली नसते, तेव्हा तो कंटाळतो. पहिल्या प्रकरणात तुम्ही आयनोस्फिअरवर, म्हणजे वातावरणाच्या अगदी वरच्या थरांवर, दीड पान लिहिलं आहे : दिवसा खालचा डी थर लघुलहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो, मग वरच्या एफ थरावरून परावर्तित होऊन दूरचे आवाज येऊ लागतात. हे बरोबर आहे आणि तसंच्या तसं निर्जीव आहे. आता हेच त्या खोलीत आणा. दुपार आहे, विमानाचा पत्ता नाही, चाळीस मीटर लहरलांबीच्या आसपास नुसती खरखर आहे. ऑपरेटर म्हणतो, ‘अंधार पडू दे, लांबचं ऐकू येईल.’ फिटर सूर्याकडे बघत बसतो, तो लवकर बुडावा म्हणून. आणि अंधार पडतो, आणि हजार मैलांवरचे अनोळखी आवाज स्पष्ट येऊ लागतात, एक सोडून सगळे. वाचकाला डी थराचं नाव सांगायची गरजही उरली नाही, आणि त्याला भौतिकशास्त्र कळलं. रेडिओ काढून टाकण्याचा सल्ला म्हणूनच मला साफ चुकीचा वाटतो. रेडिओ हीच तुमच्या कादंबरीची बघण्याची रीत आहे. निवेदकाला कॉकपिट दिसता कामा नये. जे हेडफोनमधून आलं तेवढंच त्याला ठाऊक, तेवढंच आम्हाला. हे एक बंधन पाळलंत तर अर्धी अलंकारिक वाक्यं आपोआप गळतील.

प्रेमकथेचीही तशीच सोय आहे. तुमच्या हस्तलिखितात ती नाही असं त्या गृहस्थांना वाटलं, कारण ते वैमानिकाच्या आसपास शोधत होते.

काकूंचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. मी ते तीनदा वाचलं. एका तळावरून दुसऱ्या तळावर घर हलवणं, दर वेळी मुलांची शाळा बदलणं, तुम्ही पुढच्या तळावर असताना महिनोन्महिने पत्राची वाट बघणं, आणि निवृत्त होऊन नवरा घरी आला तर तो हेडफोन लावून जपानशी बोलतोय. त्यांनीही आयुष्यभर वाटच पाहिली, आणि त्यांच्याकडे तर सेटही नव्हता. त्या लिखाणाच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. त्यांना त्यात घेतलेलं नाही, एवढंच. रोज संध्याकाळी, सेटवर बसायच्या आधी, त्या दिवशी लिहिलेलं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. दुरुस्त्या सुचवायला सांगू नका. मध्येच त्या ‘असं नव्हतं ते, त्या दिवशी तर...’ म्हणतील, तेव्हा पेन हातात असू द्या. आणि ज्या दिवशी विमान आलं नाही, त्या दिवशी क्वार्टर्समध्ये बायकांना ते कसं कळलं, कुणी कुणाच्या दारात जायचं हे कसं ठरलं, ते त्यांना विचारा. तुमच्या कादंबरीत ते प्रकरण नाही आणि ते तुम्हाला लिहिता येणारच नाही, त्यांनी सांगितल्याशिवाय.

हॅम रेडिओचा भाग तुम्ही शेवटी उपसंहारासारखा जोडला आहे, म्हाताऱ्या नायकाचा विरंगुळा म्हणून. तिथंही मला वाटतं तुमच्या हाती मोठी गोष्ट आहे. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून हौशी केंद्र चालवायची परवानगी मिळवून त्या तिथं गेल्या होत्या, जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क साधायला टपलेले. भूकंपानंतर त्यांनी तेच केंद्र आपत्कालीन संदेशांसाठी वापरलं, बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवली. तुम्ही लिहिता की त्या दिवसांत तुम्ही नागपुरात सेटसमोर होता, नुसतं ऐकत होता, मध्ये बोलून अडथळा नको म्हणून माइकला हातही लावला नाही. एका बिनउत्तराच्या पुकाऱ्याने ज्याचं आयुष्य बदललं, तो माणूस निवृत्तीनंतर कुणीतरी कुणालातरी सापडल्याचे निरोप ऐकत बसला आहे. हा उपसंहार नाही, काका. पुस्तकाचा उत्तरार्ध इथं आहे. त्या वर्षाच्या लॉगबुका काढा. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचं कॉलसाइन म्हणजे त्याच्या केंद्राचं ओळखचिन्ह, आवाजाची प्रत, सगळं तुमच्याच अक्षरात असणार. आठवण दगा देते तिथं लॉगबुक देत नाही. फक्त कादंबरीत खरी कॉलसाइन वापरू नका. प्रत्येक कॉलसाइनमागे एक परवानाधारक माणूस असतो, आणि मनाने बनवलेलंही नेमकं कुणाचं तरी निघू शकतं. तुम्ही मंडळी एकमेकांना नावाने किंवा ‘ओएम’ (ओल्ड मॅन) म्हणूनच हाक मारता, तेवढं पुरे.

असंच काही लिहू पाहणाऱ्या इतर माजी सैनिकांसाठीही दोन गोष्टी. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो, आणि कादंबरी असं वर छापल्याने सुटका होत नाही. लष्करी फ्रिक्वेन्सी, सांकेतिक नावं, यंत्रांच्या क्षमता, तळाचा नकाशा, हे गाळा. गोष्टीचं त्यात काहीही बिघडत नाही. फिटरचा हात थरथरला हे कळायला वाचकाला मेगाहर्ट्झचा आकडा लागत नाही. एखाद्या पानाबद्दल शंका असेल तर हवाई दलाला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत ते पान बाजूला ठेवा. जे अजून सेवेत आहेत त्यांनी परवानगीशिवाय काही छापू नये, टोपणनावानेसुद्धा नाही. लिहून ठेवायला मात्र आजच सुरुवात करावी. रोजच्या कामाची बोली, शिव्या, मेसचा वास, हे वीस वर्षांनी आठवत नाही.

आता तुमच्या हस्तलिखिताचं काय करायचं. साडेतीनशे पानं फाडू नका, नुसती कपाटात ठेवा. नववं प्रकरण घ्या आणि ते प्रथमपुरुषी लिहून बघा, ‘मी’ म्हणजे फिटर. सकाळच्या सहीपासून रात्री खोलीचा दिवा मालवेपर्यंत. पंधरा-वीस पानं होतील. ती जमली की कादंबरी कुठून कुठे जायची ते तुमचं तुम्हालाच दिसेल, आणि वैमानिकाला किती जागा द्यायची हेही. कदाचित तो फक्त आवाज म्हणून उरेल.

ती पंधरा-वीस पानं, वहिनींचा होकार आला तर, स्वतंत्र कथा म्हणून दिवाळी अंकांकडे पाठवा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून जूनपर्यंत पाठवलेलं बरं. नागपुरात विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’कडेही देता येईल. वहिनी नको म्हणाल्या तर सोनेगावचं प्रकरण पाठवा, तेही एकटं उभं राहू शकेल. तुम्ही ज्या प्रकाशकांचं पत्र जोडलं आहे, त्यांना तूर्त उत्तर देऊ नका. छपाईचा सगळा खर्च तुमचा, वर शंभर प्रती तुम्हीच विकत घ्यायच्या, आणि हस्तलिखित त्यांनी वाचल्याची एकही खूण पत्रात नाही. निवृत्तिवेतनातून साठवलेले पैसे अशा ठिकाणी घालू नयेत. कथा छापून आली की तिचं कात्रण जोडून, पूर्ण झालेल्या कादंबरीतली तीन प्रकरणं आणि एक पानाचा गोषवारा दुसऱ्या प्रकाशकांना पाठवा, एका वेळी एकालाच, आणि तीन महिने थांबून आठवण करा. करारात हक्क किती वर्षांसाठी देता आहात ते कलम स्वतः वाचा. न कळलं तर सही करण्याआधी मला पाठवा.